सगळे एकाच देवकाचे

रणजीतनं संगणकाच्या पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते काढायचंच विसरला.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, इथल्या, कानडी मुलखातल्या मराठा मंडळाच्या वधूवरांसाठी त्यानंच हे वेबपान बांधलं होतं. वर्षभरात एकही स्थळ जुळेना म्हणून चिटणीस गुरुराज सकाळी घरी येऊन कुरकुरले, तेव्हा कुठं या शहाण्यानं स्वतःचं काम उघडून पाहिलं. कुळाचं देवक एकच असेल तर लग्न होत नाही, म्हणून ते स्थळ दाखवायचं नाही, एवढा साधा नियम. पण पर्ल या संगणकाच्या भाषेत आकडे ताडून पाहायची खूण वेगळी, शब्द ताडून पाहायची वेगळी. यानं आकड्यांची खूण शब्दांना लावलेली. यंत्रानं मग प्रत्येक शब्द शून्य धरला. कदंब शून्य, पंचपल्लवही शून्य, झाले सगळे एकाच देवकाचे. यादी रिकामी येई, तर मंडळी म्हणत, परमुलखात आपली चार घरं, स्थळं मिळणार कुठून!

त्याच यादीत त्याची थोरली बहीण दिव्यश्री होती. आठ महिने वडील, अप्पा, दर रविवारी विचारत आणि रणजीत "काही नाही" म्हणे. बत्तिसावं लागलं तशी तिला बोम्मसंद्र्याच्या एका बिजवराला दिली. बँकेतली नोकरी सुटली. नवरा तिच्याशी कामापुरतंही बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आज ती बनशंकरीला माहेरी आलेली. रणजीतनं खूण बदलली, तिचं नाव घातलं. सात स्थळं आली.

"अक्का, स्वल्प इकडे ये."

ती हात पुसत आली. त्यानं काही न लपवता सांगितलं. शेवटी शेवटी त्याला रडू आवरेना.

ती एकेक नाव वाचत गेली. तिसऱ्यापाशी थांबली. जयनगर, शाळामास्तर, वय चौतीस. मग पुढची चारही वाचली.

"माझं नाव काढून टाक यातनं."

"मी अप्पांना सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"नको. पोरीचं नशीबच तसं, असं म्हणतात म्हणून त्यांना झोप लागते. तेवढी तरी राहू दे."

बाहेरच्या खोलीतून अप्पांनी विचारलं,

"काय रे, सापडली का चूक?"

रणजीत खुर्चीतून उठू लागला. दिव्यश्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सापडली, अप्पा," ती म्हणाली. "लहानशीच होती."