डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलेला बहुधा जगातला एकमेव. तब्येत उत्तम निघाली. पण ते पुढे येईल.

पोलादाची पट्टी मधोमध वाकवली, टोकं घासून बारीक केली, की झालो मी. मला पाय दोन, डोकं एक, आणि काम एकच: लाकडाचं कुसळ काढायचं. कारण मी आलो एका सुताराच्या घरी. सुतार दिवसभर रंधा मारायचे आणि संध्याकाळी हातात एखादं कुसळ घेऊन यायचे. बाकीचे नवरे भाजी आणतात.

त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाईच म्हणत. चहा झाला की बाई खिडकीशी बसायच्या. "आणा बघू हात." सुतार एवढे आडदांड, पण मला पाहिलं की डोळे गच्च मिटायचे. शाळेत कोण कोणाला चावलं ते सांगता सांगता बाई मला कुसळाला अलगद लावायच्या आणि ओढायच्या. काम झालं तरी हात सोडायची घाई दोघांनाही नसायची. मी आपला मध्येच अडकलेला. पण खरं सांगतो, त्या तळहातासारखी उबदार जागा मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

मग बाईंनी पंचेचाळिशी गाठली आणि सुतारांचा हात लांब जाऊ लागला. म्हणजे बाईच तो लांब धरू लागल्या. आधी मांडीवर असायचा, मग गुडघ्यावर गेला, मग सुतारांना खुर्ची मागे सरकवावी लागली. शेवटी ते जवळजवळ स्वयंपाकघरात बसू लागले. कुसळ जागच्या जागी, आणि माझ्या टोकांत चांगली कातडी.

"आई गं!"

"हलू नका हो. या चिमट्याची टोकंच गेलीत."

माझी टोकं! मला तोंड नाही म्हणून ऐकून घेतलं.

एकदा बाईंची नणंद आली. तिचा चष्मा दोरीने गळ्यात. ती म्हणाली, "वहिनी, दादाचा हात आहे की वर्तमानपत्र? किती लांब धरलायस!"

"माझे डोळे ठणठणीत आहेत. समोरच्या गच्चीवर कोणाचा टॉवेल फाटलाय तेसुद्धा दिसतं मला."

"लांबचं दिसणारच गं. सुईत दोरा कोण ओवतं हल्ली?"

"हे ओवतात," बाई पुटपुटल्या.

त्यानंतर सुतार हात पाठीमागे धरून घरी येऊ लागले. "आज काही लागलं नाही," रोज हेच. मग बाईंनी मला खणात टाकलं. तिथे निकामी सेल होते आणि शर्ट हरवलेली बटणं. बाहेर काढत ते फक्त पायजम्याची आत गेलेली नाडी ओढायला. चिमट्याच्या आयुष्यात याहून खालची पायरी नसते. संध्याकाळी कपबशा वाजल्या की वाटायचं, आता खण उघडेल. उघडायचा नाही. दोघं खिडकीशी बसायची, पण शाळेत कोण कोणाला चावलं हे आता कळेनासं झालं होतं.

एके दिवशी बाईंनीच मला पर्समध्ये टाकलं आणि नणंदेला म्हणाल्या, "चल तुझ्या त्या डॉक्टरकडे. पण दोष चिमट्याचा निघाला, तर माझी माफी मागायची."

दवाखान्यात त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, आधी याला बघा."

डॉक्टर भले होते. त्यांनी मला दिव्याखाली धरलं, उघडमीट केली. "टोकं छान जुळतात. याला काही झालेलं नाही. आता तुम्ही बसा."

बाईंनी बारीक अक्षरांचं कार्ड हात ताणून धरलं. "हात थोडा कमी पडतोय," म्हणाल्या.

"हात पुरेसा आहे. डोळ्यातलं भिंग ताठ झालंय. जवळचं बघताना ते फुगावं लागतं. चाळिशीच्या आसपास ते जड जायला लागतं. सगळ्यांनाच."

"पण चष्मा लावला की नंबर वाढतो म्हणे?"

"वाढायचा तो वयाने वाढतो. चष्मा लावला नाही म्हणून थांबत नाही. जवळचं काम भरपूर उजेडात करा, आणि अधूनमधून डोळे तपासत राहा."

"नाहीतर दादा हात पुढे करून अंगणात पोचेल," नणंद म्हणाली.

चष्मा आला त्या संध्याकाळी बाईंनी दिवा जवळ ओढला. "आणा हात."

"काही नाही गं, आज..."

"आणा म्हणते ना."

मित्रांनो, तो तळहात काळ्या ठिपक्यांनी भरलेला होता. सगळी कातडीखाली रुतून बसलेली कुसळं. काही ठिकाणी सूज.

"अहो, हे काय! कामावर कोणाकडून तरी काढून घ्यायची!"

"दुसऱ्या कोणाच्या हातात हात द्यायची सवय नाही मला."

बाईंना नवा कोरा चष्मा पदराने पुसावा लागला. मग त्यांनी मला उकळत्या पाण्यात बुडवून काढलं. एक कुसळ निघालं, दुसरं निघालं. सुतारांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. ते बाईंकडे बघत होते.

तेव्हा मित्रांनो, घरात कोणी औषधाची बाटली हात लांब करून वाचत असेल, तर थोडं हसून घ्या आणि मग त्यांना डॉक्टरांकडे न्या. तोवर सुईला, छपाईला आणि चिमट्याला बोल लावू नका. माणसं मुकाट्याने लांब सरकतात, आणि आम्ही खणात वाट बघतो.

सुजलेल्या जागची सगळी कुसळं काढून झाली, तेव्हा सुतार म्हणाले, "आता राहू दे."

"दुखतंय का?"

"नाही. सगळी आजच काढलीस, तर उद्या काय करायचं?"