फुटक्या टाइल्सचा हिशेब

दर सुट्टीत लेक आजोबांकडे राहायला जायची. ते टाइल्स बसवायचे. हात थकले तसं काम सोडलं आणि मग दुपारभर पायरीवर बसून नातीला गुणाकाराची गणितं घालायचे. या सुट्टीत आजोबा नव्हते. लेक घरीच होती आणि पुस्तकाकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिने एकदा तरी ‘आई, तू घाल’ म्हणावं, याची आई वाट बघत होती. शेवटी आईनेच विषय काढला.

“एका ओळीत नऊ टाइल्स. अशा आठ ओळी. किती लागतील?”

“ऐंशी.”

“अगं, नऊ आठे बहात्तर! पाढे धुऊन प्यायलीस की काय?”

“बहात्तर बसतात. आणायच्या ऐंशी.”

“त्या कशा?”

“दर ओळीला एक फुटते.” लेकीने आईकडे नीट पाहिलं. “तुला माहीत नाही? तुझेच बाबा ना?”

आईच्या लहानपणी सुट्टी लागली की बाबांचं काम वाढायचं. लोक घरं दुरुस्त करायला तेव्हाच काढायचे. बाबा परतायचे ते अंगाला सिमेंटचा वास आणि डोळ्यांवर झोप घेऊन. पाढे ती भिंतीला म्हणून दाखवायची.

“बरं, मग तू मला घाल. त्यांच्यासारखं.”

लेक मांडी ठोकून बसली. “लिहा बाईसाहेब. स्वयंपाकघर. चार भिंती. भिंतीला सहा ओळी, ओळीत सात. दर ओळीला एक फुटते. एका भिंतीत दार. किती मागवायच्या?”

“दाराच्या किती वगळू?”

“ते उठून मोजायचं. बसल्या जागी थापा नाही मारायच्या.”

खालून मैत्रिणीने हाक मारली तशी लेक पळाली.

दाराच्या न वगळता एकशे ब्याण्णव झाल्या. आई उठली. या स्वयंपाकघरातल्या कमरेच्या उंचीपर्यंतच्या टाइल्स बाबांनीच बसवलेल्या. दारापाशी गुडघे टेकून ती मोजू लागली. चौकटीला लागून एक कापलेली होती. कड इतकी साफ की बोट कुठे अडलं नाही. ही अर्धी धरायची की एक?

“बाबा...” तिच्या तोंडून निघून गेलं. घरात कुणीच नव्हतं.

लेक घामेजून परतली तेव्हा आई तिथेच बसलेली होती.

“अर्धी कशी धरतात गं?”

“अर्धी नसतेच. कापली की एक गेली. उरलेला तुकडा कुठे लावणार?”

“मग त्याचं काय करायचे ते?”

“मला द्यायचे.” लेक सहज म्हणाली आणि पाणी प्यायला वळली.

आईने त्या कापलेल्या कडेवरचं बोट काढलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, “पुढचं घाल.”