देवाला धरून आपण

समोरच्या बेटावरचा डोंगर राख ओकू लागला, तेव्हा बोटींनी तिथली माणसं आमच्या किनाऱ्यावर आणून उतरवली. कुणाच्या काखेत चटई, कुणाच्या काखेत कोंबडी. आमच्या गावानं पाटातले तारोचे, म्हणजे अळूचे, कंद उपटून दिले, सभाघर मोकळं करून दिलं. देण्यात आम्ही कधी मागं नव्हतो. बोलण्यात होतो, पण ते आम्हाला उशिरा कळलं.

उलिबोए मास्तर माझे सख्खे मामा. प्रार्थनाघरात रोज तिन्हीसांजेला ते धर्म शिकवायचे, तेही आमच्या गावच्या बोलीत. ती बोली ओढ्यापलीकडच्या गावालासुद्धा अर्धीच कळते. पाहुणे यायचे, मागच्या चटयांवर बसायचे आणि सगळे उठले की उठायचे.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, ती माणसं नुसती भिंतीसारखी बसून असतात हो. बिसलामात शिकवा ना. ती सगळ्या बेटांना येते."

"बाजारातली भाषा देवापुढं?"

"का, देव बाजारात जात नाही?"

मामा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून बिसलामात बोलू लागले. मंडळीतला सगळ्यात वयस्कर बुले करवादला, "झालं! डुक्कर विकायची नि पाप कबूल करायची भाषा आता एकच!"

पाहुण्यांत एस्लिन नावाची पन्नाशीची बाई होती. रुंद हाडाची, सावकाश बोलणारी. आपल्या गावात तीही मुलांना धर्म शिकवायची. एका संध्याकाळी प्रार्थना संपली तशी ती उभी राहिली.

"मास्तर, एक विचारू? तुम्ही देवाला 'आम्हाला सांभाळ' म्हणता. त्या आम्हीत मी आहे का?"

बिसलामात हा हिशेब फार कडक. मिफला म्हणजे आम्ही, ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून. युमी म्हणजे आपण, त्यालाही धरून. देवाशी बोलताना मिफलाच म्हणायचं, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पढवलेलं.

"तुम्ही आहातच बाई," मामा म्हणाले. "बाहेर असतो तो देव. आमच्या पापांत त्याला कसं ओढायचं?"

"आणि 'आमच्या बागा राख' म्हणता तेव्हा? माझी बाग तर राखेखाली आहे."

बुले मागून म्हणाला, "खायला बरी चालते आमची बाग!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एस्लिन मात्र शांतपणे म्हणाली, "चालते की काका. गोडही लागते. म्हणून तर विचारलं."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. बुलेलाही हसू आवरेना. मामा तेवढे हसले नाहीत. ते तिला म्हणाले, "उद्याची प्रार्थना तुम्ही सांगा."

"बाईमाणसानं?" बुले म्हणाला.

"तोंड आहे ना तिला?"

दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि राख आमच्यावर आली. दुपारीच दिवेलागणीसारखं झालं. तारोची पानं करडी पडली, ओढा गढुळला, पाखरं एकाएकी गप्प झाली. घंटा न वाजवताच अख्खं गाव प्रार्थनाघरात जमलं. मुलं खोकत होती. एस्लिन पुढं जाऊन उभी राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत. दारातून समुद्रापलीकडचा धुराचा खांब दिसत होता, त्याच्याकडे बघत ती बोलू लागली.

"बापा, आपलं घर गेलं. आपली मेलेली माणसं ज्या डोंगरात राहतात, तो डोंगर पेटलाय. आपण दुसऱ्याच्या दारात येऊन पडलोय. आपण भ्यालोय, बापा."

माना वर झाल्या. मला आधी वाटलं, बाई भीतीनं चुकली. पण ती चुकत नव्हती. एकेक वाक्य सावकाश ठेवत होती आणि दर वेळी तोच शब्द: युमी. देवाशी बोलत होती आणि देवालाही धरून बोलत होती. म्हणजे घर त्याचंही गेलं होतं. आमच्या किनाऱ्यावर त्या बोटींतून तोही उतरला होता.

दारातल्या त्या करड्या उजेडाकडे बघताना वाटलं, कुणीतरी आत्ताच तिथून आत आलंय आणि जागा शोधतंय. मी नकळत सरकून बसले. बघते तर शेजारची बाईही सरकली होती.

मामा उठले आणि मागं जाऊन पाहुण्यांमध्ये बसले. इतक्या वर्षांत त्यांना तिथं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बुले कुजबुजला, "मास्तर, देवाला भीती वाटते?"

"ठाऊक नाही रे," मामा म्हणाले. "जन्मभर शिकवलं, आणि हे मला ठाऊक नाही."

पुढं पाऊस झाला, पानं धुऊन निघाली. वाद मात्र निघाले. काही जण म्हणाले, बाईनं देवाला खाली ओढलं. बुले म्हणाला, "ओढलं कुठं? तो आला." त्याच्या तोंडून हे ऐकून वाद घालणारेच गडबडले. मामा आणि एस्लिन कितीतरी दुपारी नीरफणसाखाली बसून बोलले आणि शेवटी एकमत झालं. क्षमा मागायची ती आम्ही म्हणून. दुःख सांगायचं ते आपण म्हणून. ओढ्यापलीकडची माणसंही मग येऊ लागली, आणि पुढच्या नि मागच्या चटयांचा भेद हळूहळू मोडला.

डोंगर निवल्यावर पाहुणे परतले. काही महिन्यांनी मी एस्लिनकडे जाऊन आले. काळ्या जमिनीतून केळीचे कोंब वर आले होते. ती ताडपत्रीखाली मुलांना शिकवत होती आणि पायाखालची जमीन मधूनच गुरगुरायची. मी दचकायचे. मुलं एकदा डोंगराकडे बघायची आणि पुढचं म्हणायला लागायची.

परत आल्यावर मी मामांना हे सगळं सांगितलं. त्यांच्यानं आता चालवत नव्हतं. त्यांनी मला चटई अंगणात टाकायला लावली आणि अंधार पडेपर्यंत समुद्रापलीकडे बघत, तिकडची गुरगुर ऐकू येते का म्हणून कान देऊन बसले. जेवायला बोलावलं, तर बोट ओठांवर ठेवून मलाच गप्प बसायची खूण केली.