फायनलची जीभ

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला सगळे ‘फायनल’ म्हणत. पंखा, इस्त्री, रेडिओ, काहीही न्या. तो हलवून बघायचा आणि निकाल द्यायचा. निकाल इंग्रजीतच. ‘मोटर जळलीय’ म्हटलं की गिऱ्हाईक म्हणणार, “मग नवीन भरा की!” आणि तासभर हुज्जत. ‘बियॉन्ड रिपेअर’ म्हटलं की तेच गिऱ्हाईक मान खाली घालून घरी जाई. समोरच माझं शिंप्याचं दुकान, म्हणून सगळं बघितलंय.

पुढे त्याच्या जिभेला अशी धार चढली, की वस्तूच ऐकायला लागल्या. एकदा तो ‘टोटल लॉस’ म्हणाला आणि डोक्यावर गरगरणारा पंखा जागच्या जागी थिजला. बोलत होता तो इस्त्रीबद्दल. पंख्यानं उगाच मनाला लावून घेतलं. मग लोक रेडिओच्या जाळीवर हात दाबून दुकानात यायचे. एका आजीनं तर घड्याळाला कानटोपी घातली होती.

खोटं वाटतं? त्याच्या बायकोला विचारा. घरच्या मिक्सरला तो जाता जाता ‘नो होप’ म्हणाला, तेव्हापासून ती सगळं हातानं कुटत होती.

एका दुपारी ती त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसली असतानाच छाती धरून कोसळली.

दवाखान्यात फायनलला बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. मध्येच स्क्रूड्रायव्हर काढून बाकाचा स्क्रू आवळायचा, सैल करायचा, परत आवळायचा.

“अरे, बस की जरा,” मी म्हटलं.

“बसलो की कानात नुसतं घुं-घुं होतं रे.”

डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला. “हे बघा, डॅमेज इर्रिव्हर्—”

फायनलनं झेप घेऊन त्यांचं तोंडच दाबलं. “इंग्रजी नको! ती ऐकतेय!” पडद्यापलीकडेच तिची खाट होती.

“अहो, हे काय?”

“मराठीत सांगा, साहेब. काय बिघडलंय तेवढंच.”

“हृदयाची झडप झिजलीय. पार झिजलीय.”

“मग नवीन बसवा की!”

झाली हुज्जत सुरू. डॉक्टर म्हणाले वय, हा म्हणाला पुढे बोला. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, हा म्हणाला पुढे बोला. शेवटी डॉक्टर भिंतीला टेकले. “बसवू उद्या. पण गॅरंटी नाही.”

“मी तरी कुठे देतो?”

पडद्याआडून बारीक आवाज आला, “अहो, डॉक्टरांना सोडा. घरी जाऊन मिक्सर उघडा. आणि इंग्रजीचं अवाक्षर काढाल तर बघा!”

सकाळी तिला आत नेलं तेव्हा फायनल बाकावर होता. मांडीवर मिक्सर, पोट उघडलेलं. पाय सारखा हलत होता. “थोडंसंच झिजलंय गं,” तो मिक्सरला सांगत होता. “होईल. होईल म्हणतोय ना.” वायर खाली लोंबत होती, तरी पातं एकदा गर्रकन फिरलं. या डोळ्यांनी पाहिलं मी.

दार उघडलं. फायनल उभा राहिला, मिक्सर छातीशी घट्ट. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, शब्द शोधला.

“चालतेय,” ते म्हणाले.