सांगा त्यांना

माइक चालू.

"डाव्या हाताला संसद. फोटो काढा, पण पहारेकऱ्याचा काढू नका, त्याला त्याच्या टोपीची लाज वाटते. उजव्या हाताला घड्याळाचा मनोरा. हे घड्याळ नेहमी थोडं मागे असतं. आमच्या राजधानीतल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या ह्याच घड्याळावर चालतात, तेव्हा साहेबलोक उशिरा येतात असं कृपया कोणी म्हणू नये."

बसमधले पाहुणे हसले. गाइडबाईंनी माइक तोंडापासून लांब धरला आणि हसू ओसरायची वाट पाहिली. किती वेळ थांबायचं ते त्यांना बरोबर कळायचं. इतकी वर्षं त्या हे शहर परक्यांना परक्यांच्याच भाषेत दाखवत होत्या, पण सांगताना असं वाटायचं की जणू त्यांनीच ते काल बांधून पूर्ण केलंय आणि रंग अजून ओला आहे.

आज मात्र ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कंपनीचा नवा साहेब बसला होता. पोरसवदा, नम्र, इस्त्रीच्या शर्टातला.

माइक बंद.

"बाई, एक विचारायचं होतं. शेवटच्या थांब्याबद्दल."

"विचारा की."

"ते सूपवाले. पहिलवान म्हणतात ना त्यांना? ते तुमच्या नात्यातले आहेत असं ऑफिसात कोणीतरी सांगितलंय."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सिग्नल होता. सिग्नलमध्ये बघण्यासारखं काही नसतं, तरी त्यांनी तो नीट पाहून घेतला.

"ओळख आहे. रोज जाऊन जाऊन होतेच. नातं वगैरे काही नाही."

ड्रायव्हरकाकांनी नेमका तेव्हाच गिअर बदलला, आणि गरजेपेक्षा जोरात बदलला.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाला. "तुम्हाला नियम माहीत आहे. नात्यातल्या दुकानात पाहुणे न्यायचे नाहीत. त्या मागच्या गाइडने काय केलं ते ऐकलंत ना?"

ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या गाइडच्या टूरमध्ये एकामागोमाग चार दुकानं लागायची आणि चारही मेहुण्यांची निघाली. एकाचे गालिचे, एकाचे मोती, एकाची औषधं. चौथ्याकडे विकायला काहीच नव्हतं, तो नुसताच चहा पाजून पैसे घ्यायचा.

"मी आज त्यांनाच सरळ विचारतो आणि विषय संपवतो," साहेब म्हणाला. "नाहीतर मॉलमधलं सातव्या मजल्यावरचं हॉटेल आहेच. लिफ्ट आहे, एसी आहे. तुम्हालाही उन्हातून चालायला नको."

"त्यांना कशाला विचारता? कामात असतात."

"एकच तर प्रश्न आहे बाई."

माइक चालू.

"हा जुना पूल. ह्याच्या अलीकडे राज्य चालतं, पलीकडे जेवण शिजतं. अलीकडचं आपलं बघून झालं. आता उतरा, आणि टोप्या घाला."

बाजार आला. बाईंनी भाजीच्या ढिगांमधून, बर्फावरच्या मासळीमधून, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या ठणठणाटातून घोळक्याला पुढे काढलं. हे हुंगून बघा म्हणाल्या, ते चाखून बघा म्हणाल्या, घासाघीस करायची तर तोंड पडल्यासारखं करून करा म्हणाल्या. एका गोऱ्या आजोबांनी इतकं तोंड पाडलं की भाजीवालीने त्यांना दोन टोमॅटो फुकट दिले. पण आज बाईंचं अर्धं लक्ष पुढच्या गल्लीत होतं.

माइक बंद. आता जे सांगायचं ते बाईंनी कुठल्याच पाहुण्याला कधी सांगितलेलं नाही.

पहिलवान त्यांचा सख्खा भाऊ. काडीपेटीतल्या काडीसारखा, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव पहिलवान. दुकान वडिलांचं. एक मोठं पातेलं, एक भट्टी. हाडांचं सूप आणि भट्टीतला पाव, तिसरी वस्तू नाही. कोणी मेन्यूकार्ड मागितलं तर वडील पातेल्याचं झाकण उचलायचे आणि म्हणायचे, "घ्या, वाचा."

भाऊ अबोल, त्याला भट्टीशी उभं केलं. ही बडबडी, हिला दारात. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलून बोलून आत आणायचं हे हिचं काम. पुढे तेच काम ती सगळ्या शहरासाठी करू लागली, तेव्हा वडील गिऱ्हाइकाला सूप देता देता सांगायचे, "आमची मुलगी राजधानी दाखवते." जसं काही राजधानी त्यांच्याच परड्यात होती.

वडील गेले तेव्हा बाई पाहुण्यांचा जथा घेऊन डोंगरात होत्या. पाहुण्यांना वाऱ्यावर सोडून येता आलं नाही. आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाऊ दारातच उभा होता. चार नातेवाइकांसमोर म्हणाला, "तू लोकांना दाखवत फीर. इथे आता बघण्यासारखं काही उरलं नाही."

बाई वळल्या आणि चालू लागल्या. त्याने हाक मारली नाही, हिने मागे पाहिलं नाही. दोघंही एकाच बापाची.

मग कधीतरी एका म्हाताऱ्या प्रवासिणीने विचारलं, "तुम्ही आम्हाला आम्ही कुठे खावं ते दाखवता. तुमची माणसं कुठे खातात?" बाईंचे पाय आपोआप त्या गल्लीत वळले. घोळका पाठीशी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. भावाने हिच्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही ही वडिलांची शिस्त. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि बाकडी पुसली.

तेव्हापासून प्रत्येक टूरचा शेवटचा थांबा हाच. पण बोलणं? बंद ते बंदच. पहिलवान पाहुण्यांकडे तोंड करून बोलायचा आणि बाईंना, स्वतःच्या धाकट्या बहिणीला, परक्या बाईसारखं अहो-जाहो करायचा.

पहिलवान: "सांगा त्यांना, गरम आहे तोवर प्यायचं. काही लोक बोलत बसतात आणि मग सूप गार झालं म्हणतात."
बाईंनी पाहुण्यांना सांगितलं: "गरम असताना जास्त छान लागतं."

बाईंनी पाहुण्यांना सांगितलं: "विचारा त्यांना, हे धुराडं इतकं का काळं झालंय."
पाहुण्याने वर बोट दाखवलं. पहिलवानाला प्रश्न कोणाचा आहे ते लगेच कळलं.
पहिलवान: "सांगा त्यांना, धुराड्याचं माझं मी बघतो. उंटावरून शेळ्या हाकू नका म्हणावं."
बाईंनी पाहुण्यांना सांगितलं: "लवकरच साफ करणार आहेत."
आणि दुसऱ्या दिवशी धुराडं खरंच साफ होतं.

पहिलवान: "सांगा त्यांना, हो, मुलगी आहे एक. नर्सिंगला लागली यंदा. पहिली आली."
बाईंनी पाहुण्यांना काहीच सांगितलं नाही. पाहुण्यांनी विचारलंच नव्हतं.

तिकडची खबर अशी यायची. इकडची जायची ती ड्रायव्हरकाकांमार्फत. बाई दुकानात त्यांना मोठ्याने म्हणायच्या, "काका, आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं बरं का." दुसऱ्या दिवशी पहिलवान ड्रायव्हरकाकांच्या हातात सुपाचा डबा द्यायचा. काका तो बसमध्ये बाईंच्या मांडीवर ठेवायचे. "मला दिलाय म्हणे. मी जन्मात मटण खाल्लं नाही. घ्या."

एवढंच होतं. पाव तास, धूर, आणि तिसऱ्याच माणसाकडे बघत केलेलं बोलणं. थांबा बंद झाला तरी दुकान काही पळून जाणार नव्हतं. पण पाहुणे सोबत नसताना त्या दारात कोण म्हणून उभं राहायचं? ते बाईंना सुचत नव्हतं. म्हणजे थांबा वाचायला हवा, आणि त्यासाठी भावाने साहेबाला "नाही, ही माझी कोणी नाही" असं सांगायला हवं. तो तसं सांगेल अशी बाईंना आशा होती. आणि तो तसं सांगताना आपल्याला ऐकावं लागू नये, अशीही.

गल्लीच्या तोंडाशी बाई नेहमीसारख्या वळून उभ्या राहिल्या. इथे माइक लागत नाही, इथे त्या साध्या आवाजात बोलतात.

"आत्तापर्यंत मी तुम्हाला आमच्या राज्यकर्त्यांनी बांधलेलं दाखवलं. आता एका माणसाने शिजवलेलं दाखवते. एकच पातेलं आहे आणि त्याखालचा विस्तव गेल्या दोन पिढ्यांत कोणी पूर्ण विझू दिलेला नाही. आमच्या राजधानीत ह्याहून चांगलं काही मिळत नाही. मी सांगते म्हणून मानू नका. खा."

पाहुणे बाकड्यांवर दाटीवाटीने बसले. वाडगे आले, वाफा आल्या. साहेबाने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, मग चमचा बाजूला ठेवून वाडगाच तोंडाला लावला. बाई हे सगळं भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मनात म्हणाल्या, पी बाबा, पोटभर पी, आणि विसर.

पण साहेब कामाचा पक्का होता. तोंड पुसून तो पातेल्यापाशी गेला.

"सूप उत्तम आहे. एक विचारायचं होतं. ह्या गाइडबाई तुमच्या कोणी लागतात का?"

पहिलवानाने डाव पातेल्यात तसाच सोडला. बाईंकडे पाहिलं नाही.

"का? काय झालं?"

"नियम आहे आमचा. नातं असेल तर इथे पाहुणे आणता येत नाहीत."

"आणि नसेल तर?"

"तर जसं चाललंय तसं चालेल. तुमचंही गिऱ्हाईक टिकेल. बाईंनी सांगितलंय, नातं नाही म्हणून. तुम्हीही एकदा तसं म्हणा, की संपलं."

"तिने सांगितलं असं?"

"हो."

पहिलवानाने मान हलवली. विस्तवातलं एक लाकूड पुढे सरकवलं. घाई नव्हती. बाईंना तो पाठमोरा दिसत होता, आणि मागून, वाकलेला, अगदी वडिलांसारखा.

"हे बघा साहेब," तो म्हणाला, "गिऱ्हाईक काय, आज आहे उद्या नाही. ती काय सांगते ते तिचं तिच्यापाशी. मी ह्या पातेल्यासमोर उभा राहून असलं काही बोलणार नाही. बहीण आहे. माझ्या पाठची."

"पण त्या तर..."

"ती लहानपणापासून काहीही सांगते. म्हणून तर तुम्ही तिला कामावर ठेवलीय ना?"

साहेबाला हसावं की नाही ते कळलं नाही. तो बाईंकडे वळला. पाहुण्यांनाही काहीतरी घडल्याचा वास लागला होता; चमचे थांबले होते. मघाचे तोंड पाडणारे आजोबा म्हणाले, "काय म्हणाले ते? सांगा ना आम्हाला."

पाहुण्यांच्या भाषेत बाईंनी हजार गोष्टी सांगितल्या होत्या. राजांची कारस्थानं, पुरांच्या कथा, पहारेकऱ्यांच्या टोप्या. हे वाक्य कधी बोलायचा प्रसंग आला नव्हता. शब्द साधेच होते, पहिल्या धड्यात शिकलेले, पण जिभेवर यायला त्यांना वेळ लागला.

"ते म्हणाले," बाई म्हणाल्या, "की मी त्यांची धाकटी बहीण आहे. आणि ते खरं आहे. हे दुकान आमच्या वडिलांचं."

आजोबा उठून उभे राहिले, आणि त्यांनी टोपी काढली. मग दुसरे उठले. कशासाठी ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बाई," साहेब खालच्या आवाजात म्हणाला, "मला वाईट वाटतंय. पण उद्यापासून सातवा मजला. आणि तुम्ही मला नाही म्हणालात, त्याचं ऑफिसात काय सांगायचं ते बघावं लागेल."

"खरं ते सांगा. बहिणीने नाही म्हटलं, भावाने हो म्हटलं."

मागून आवाज आला. पाहुण्यांकडे बघून नव्हे, ड्रायव्हरकाकांकडे बघून नव्हे.

"अगं, उभी काय राहिलीस तिथे? लोकांपुढे पाव नाहीत. वाढ."

बाईंनी पर्स काकांच्या हातात दिली. बाह्या वर सारल्या. त्या पातेल्याला वळसा घालून भट्टीपाशी गेल्या. पावांची टोपली गरम होती. त्यांनी पदर हाताला गुंडाळला आणि ती कमरेवर घेतली. मग एकेका बाकड्यापाशी वाकून वाढत चालल्या. पाव सुपात कसा बुडवायचा तेसुद्धा सांगितलं नाही.

शेवटी साहेबाची पाळी आली.

"पुरे, पुरे," साहेब ताटलीवर हात धरून म्हणाला.

त्यांनी तो हात अलगद बाजूला केला आणि भट्टीतला ताजा पाव त्याच्या ताटलीत ठेवला.