हातांचा वास

टिचबटण साखरेच्या डब्याला टेकून उताणं पडलं होतं... आणि ते तिथे असायला नको होतं. काल लाँड्रीतलं काम संपवून निघताना ते तिला एप्रनच्या खिशात सापडलं. कामगारांच्या कुठल्यातरी बॉयलरसूटचं निखळलेलं असणार. उद्या परत न्यावं म्हणून तिने ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली होती. लावली होती हे नक्की, कारण ती चेन अर्ध्यावर अडकते आणि तिला चुचकारत पुढे न्यावं लागतं. बटणाला पाय फुटत नाहीत.

पावणेसहाला उठून तिने दूध तापवलं, दोन कप विसळले, पावाचे चार तुकडे भाजले, आणि एका कपात साखर नेहमीप्रमाणे अर्धा चमचा कमी घातली. आतल्या खोलीत खाट करकरली, चपला घासत आल्या. नवरा रसायनशास्त्राचा शिक्षक; शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आजूबाजूचे सगळे त्याला 'सर'च म्हणत. सर खुर्चीवर बसले, बटणाकडे त्यांची नजर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. एखादी अनोळखी वस्तू दिसली की माणूस विचारतो, हे काय? त्यांनी विचारलं नाही.

"साखर विसरलीस का?"

"विसरले."

डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासूनचा हा त्यांचा रोजचा विनोद. त्यावर हसत कुणीच नसे, पण तो गाळावा असंही दोघांना कधी वाटलं नव्हतं.

"अहो, हे बटण इथे कसं आलं?"

"पडलं असेल. आण, हात आण."

तिने हात पुढे केला. गेले तीन महिने ती तो रोज पुढे करत होती. ते तिचा हात आपल्या डाव्या तळव्यावर ठेवत, डोळे मिटत, आणि उजवा तळवा तिच्या बोटांवरून स्वतःच्या दिशेने अलगद फिरवत—इतका अलगद की स्पर्श झाला की नुसती हवा हलली, हे तिला कळत नसे. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने रस्ता ओलांडतानाही तिचा हात धरला नव्हता. पहिल्या दिवशी ती लाजली होती, दुसऱ्या दिवशी मनात म्हणाली होती, म्हातारपणी चळ लागला की काय. आणि पंधरा दिवसांनी, दूध तापवताना, ती त्या क्षणाची वाट पाहत असल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. 'हातमोजे घालू नकोस गं, हात कसे पांढरेफटक पडतात,' असं ते म्हणाले तेव्हा तिने हातमोजे खुंटीला टांगले. 'त्या मलमाच्या वासाने डोकं उठतं,' म्हणाले तेव्हा मलम कपाटात गेलं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, पण त्या भेगांकडे कुणीतरी पाहतंय, या सुखात त्या फारशा दुखल्या नाहीत.

आज त्यांनी दोन्ही हात मागितले. बुधवारी ते नेहमी दोन्ही मागत. बुधवारीच का?... आणि कुणाच्या पर्समध्ये माणूस काय शोधतो? चिठ्ठी? या वयात? तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. वह्या तपासून झाल्यावर असायचं, तसलं. मग त्यांनी मोबाईल घेतला. सव्वानऊला शेअरबाजार उघडे, आणि समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांनी घेतले होते. 'थोडेसेच, गंमत म्हणून,' असं सांगितलं होतं. त्याच कंपनीच्या रिगवरचे बॉयलरसूट दर सोमवारी बोटीने तिच्या लाँड्रीत येत. यात तिला कधी काही विचित्र वाटलं नव्हतं. गावात एकच बंदर, एकच मोठी लाँड्री.

अकरा वाजता मालकांनी यंत्रं बंद करायला लावली. यंत्रं थांबल्यावर त्या शेडमधली शांतता कानांना टोचते.

"शेअरवाल्यांचा एक चर्चेचा गट आहे," मालक म्हणाले. त्यांच्या हातात मोबाईल होता. "तिथे कुणीतरी आपल्या लाँड्रीबद्दल लिहितंय. समुद्रातल्या विहिरीला तेल लागलं का, हे कंपनीने अजून जाहीर केलेलं नाही, आणि हे महाशय आपल्या कपड्यांवरून सांगतायत! आजचंच ऐका. 'निरीक्षण: धुलाईत काम करणाऱ्या निकटच्या व्यक्तीच्या हातांना खनिज तेलाचा वास. बुधवारी उग्र. सलग तिसरा महिना. अनुमान: विहिरीला तेल लागले आहे. मी आज आणखी घेतले. घर सोडून माझे सर्व काही आता यातच आहे.'" त्यांनी एकेका बाईच्या तोंडाकडे पाहिलं. "कंत्राट गेलं तर कुणाच्या पोटावर पाय येईल, ते सांगायला नको. कपड्यांवर काय दिसलं, किती आले, खिशात काय सापडलं, यातलं बाहेर काहीही बोलायचं नाही. या कागदावर सह्या करा."

तिने सही केली. निरीक्षण, अनुमान... मुलांच्या प्रयोगवह्यांतले तेच दोन शब्द, लाल शाईने अधोरेखित, वर्षानुवर्षं तिच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेले. आणि शिकवणीच्या खोलीतून दाराआडून येणारा तो आवाज—'परीक्षानळी थेट नाकाला लावायची नसते, गाढवांनो! हाताने हवा आपल्याकडे ओढायची. अशी. अलगद.'

अशी. अलगद.

बराच वेळ ती घड्या घालत राहिली. बाही आत, कॉलर वर, मध्ये दुमड. घर सोडून सर्व काही. म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेलं, म्हणजे म्हातारपण. पण खरं सांगायचं तर तिला आधी तो पैसा आठवला नाही. तिला ती पहिली सकाळ आठवली, आणि आपण लाजलो होतो, हे आठवलं.

डाग काढण्याच्या टेबलाशी डागकाका एकटेच खिदळत होते. चाळीस वर्षं ते याच टेबलाशी. मंगळवारी ती त्यांच्या हाताखाली बसे.

"ऐकलंत ना वहिनी? बाजारात तुरी! कच्च्या तेलाचा डाग काय असतो हे मला विचारा म्हणावं. काळपट, चिकट, सात धुण्यांत हलत नाही. तीन महिन्यांत एक तरी पाहिलात?"

"नाही."

"नुसता राखाडी चिखल आणि यंत्राचं ग्रीस. अहो, वास येतो तो आपल्या या औषधाचा!" डाग काढायच्या, रॉकेलसारख्या वासाच्या द्रावणाला सगळे औषधच म्हणत. त्यांनी बाटली हलवली. "मंगळवारभर यात हात घालून बसल्यावर बुधवारी काय गुलाबाचा वास येणार? कोण शहाणा आहे कोण जाणे. शिकलेला असणार, एवढं नक्की. अडाणी माणसाने आधी विचारलं असतं."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून.

विचारलं असतं... एवढंच तर होतं, ती मनाशी म्हणाली. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तेव्हा सही नव्हती, तेव्हा काहीच नव्हतं. की त्यांनी विचारलं नाही तेच मला हवं होतं? डोळे मिटून बसलेल्या त्या चेहऱ्याकडे मी तीन महिने रोज पाहिलं. बुधवार मी मोजले, मलम मी कपाटात ठेवलं. मीही कधी विचारलं नाही, हे आताच का आठवतंय? संशय असा फिरून आपल्याच दारात येऊन उभा राहील, याची तिला कल्पना नव्हती.

"काका, थोडं औषध द्याल घरी न्यायला?"

"डाग कसला आहे?"

"बघते अजून."

त्यांनी खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं. तिने खुंटीवरचे हातमोजे काढले, झटकले, आणि सुटी होईपर्यंत घालून काम केलं.

घरी आल्यावर तिने साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, कपाटातलं मलम काढून भेगांत चोळलं. सर बाहेरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसले होते. कपड्यांबद्दल ती एक अक्षर बोलणार नव्हती. सही ती सही. तिने बाटली टेबलावर ठेवली, शेजारी टिचबटण ठेवलं, आणि बाटलीचं झाकण उघडून बाजूला काढून ठेवलं.

"अहो, चहा ठेवतेय. या."

चपला घासत आल्या. तिची पाठ टेबलाकडे होती, पण खिडकीच्या काचेत खोली दिसत होती. ते खुर्ची ओढता ओढता थांबले. मग त्यांचा उजवा हात वर आला आणि बाटलीवरून हवा अलगद स्वतःकडे ओढू लागला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग तो हात टेबलावर उतरला आणि तिथेच राहिला, बटणाच्या शेजारी, उताणा.

वळून पाहावं असं तिला वाटलं नाही. राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. दया येईल असं वाटलं होतं, तीही नाही. उद्या बाजार उघडल्यावर ते काय करतील, तिला ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी ते हात मागतील का... आणि मागितला तर आपण देऊ का, हेही नव्हतं. चहा उकळून वर आला. तिने गॅस बारीक केला, दोन कप ओळीने मांडले, साखरेचा डबा उघडला. चमचा हातात धरून ती थांबली. त्यांच्या कपात आज साखर किती घालावी, तिला ठरवता येईना.