सज्जन, मिजासखोर आणि थेट पोलीस स्टेशन

मिस्त्रीने ॲक्सिलरेटर दाबला आणि गॅरेजच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं एकदम उडाली. डॉक्टर गाडीच्या मागे उकिडवे बसून सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होते. एकावन्न वर्षांचा, हृदयरोगाचा नावाजलेला डॉक्टर, आणि धुराच्या नळीशी कान लावून बसलेला! त्यांची बायको चार हात लांब, दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती.

"हा झाला तिसरा," इंजिन बंद करून मिस्त्री म्हणाला. "पहिला सज्जन, दुसरा मिजासखोर आणि हा थेट पोलीस स्टेशन."

तिन्ही गाड्या गिऱ्हाइकांच्या होत्या. डॉक्टरांच्या गाडीसारख्याच बुटक्या, दोन दारांच्या, पळायला अधीर. तिघींना तीन वेगळे सायलेन्सर लावलेले. त्यातला एक निवडायला डॉक्टर आले होते.

"हाच बसवा," ते म्हणाले.

बायकोने कानांतली बोटं काढली. "काय म्हणालास?"

"तिसरा."

"डॉक्टर, रागावू नका," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "रविवारची हौस म्हणून गाडी असती तर मीच म्हटलं असतं, लावा बिनधास्त. तुम्ही रोज चालवता. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. सरळ रस्त्यावर एका वेगात धरलीत ना, की हा आतल्या आत असा घुमतो, की दवाखान्यात पोचेपर्यंत तुमचंच डोकं ठणकायला लागेल."

"आणि मला रोज ग्रंथालयाच्या दारात सोडतोस तू," बायको म्हणाली. "वाचणारे आत दचकून उठतील. मी ग्रंथपाल आहे रे, माझा पगारच शांततेचा आहे."

डॉक्टर पुन्हा सायलेन्सरकडे वळले. बोलणार काय, कप्पाळ! आवाजाची हौस हे नुसतं निमित्त होतं. खरी गोष्ट सहा महिने त्यांच्या पोटात होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पूर्वी चढावर पाय दाबला की मागून एक गुरगुर यायची. दिवसभराचा शीण त्या गुरगुरीत उतरायचा. ती हळूहळू विरत गेली. गाडी तीच, रस्ता तोच, चढ तोच. मग बिघडलं काय? कान!

त्यांच्या बाबांचंही असंच झालं होतं. बावन्नाव्या वर्षी. आधी बारीक आवाज गेले, घड्याळाचे, नळाचे. मग माणसं गेली. ट्रकचा भोंगा मात्र शेवटपर्यंत ऐकू यायचा. शेवटची वर्षं बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून भलत्याच ठिकाणी हसायचे, आणि ही, त्यांची सून, पाटीवर लिहून लिहून त्यांना घरातल्या गोष्टी सांगायची.

कानाचा डॉक्टर त्यांच्याच दवाखान्यात दोन दारं सोडून बसायचा, जुना मित्र. पण त्याच्याकडे जायला पाय उचलत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. रोग्याच्या छातीवर नळी ठेवली की यांना धाकधूक: हृदयाची एखादी बारीक कुरकुर निसटली तर? एखाद्याच्या जिवावर बेतलं तर? म्हणून हल्ली ते येईल त्याला इकोच्या तपासणीला पाठवत होते. परवा नर्सने विचारलंच, "सर, हल्ली सगळ्यांनाच?" त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. कान गेले तर त्यांची नळी खुंटीला, दुसरं काय!

"पण एवढा मोठा आवाज हवाय कशाला तुला?" बायकोने विचारलं.

"अगं, गाडीचा आवाज मला हल्ली येतच नाही," डॉक्टर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मिस्त्रीने मान वर केली. "येत नाही? कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

"मग आधी का नाही बोललात? आणा ती गाडी, चढवा वर."

बायको एकाएकी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

गाडी वर गेली. मिस्त्री खाली शिरला, बॅटरी मारली, पान्याने दोनदा ठोकलं आणि खो खो हसत सुटला.

"या, या इकडे. ही बघा, नळीत एक झडप असते. गाडी जोरात पळवली की ती उघडते आणि आवाज मोकळा होतो. तुमची झडप गंजून बंद बसलीय. आवाज यायचा कुठून?"

डॉक्टर वाकून बघत राहिले. तांबूस, खपली धरलेली, तळहाताएवढीही नसलेली चकती.

"म्हणजे..." त्यांनी चकतीला बोट लावून पाहिलं. "म्हणजे आवाज खरोखरच कमी झाला होता?"

"अहो, कमी काय, गेलाच होता! बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं."

डॉक्टरांनी मागे हात नेऊन आधार शोधला आणि तिथल्या टायरवर बसकण मारली. आधी त्यांना हसू आलं. मग ते आवरेना. चष्मा काढून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले तरी पुन्हा भरून येत होते. मिस्त्री बावरला.

"पाणी आणू का?"

"नको. बरं वाटतंय. फार बरं वाटतंय." मग ते बायकोकडे वळले. "तुला नाही जाणवलं कधी? रोज शेजारी बसतेस."

बायकोने पर्स मिटली. "जाणवलं."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तू इथे हजर झाला असतास. सहा महिने मी सुखाने पुस्तक वाचत जातेय. म्हटलं, देव पावला, आता तोंड उघडायचं नाही." मग तिने विचारलं, "आणि तू का नाही बोललास?"

डॉक्टर चष्म्याची काच पुसत राहिले. स्वच्छ होती, तरी पुसत राहिले.

"मला वाटलं, माझे कान गेले. बाबांसारखे."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. ती जवळ आली आणि तिने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली, नव्हती तीसुद्धा.

"सहा महिने?" ती म्हणाली. "एकटाच कुढत बसलास? वेडा आहेस का रे तू?"

"आहे थोडा."

"थोडा?"

मिस्त्रीला हे सगळं काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण माणूस समंजस होता. पान्यावरचं तेल सावकाश पुसून झाल्यावर तो म्हणाला, "झडप तर गेली कामातून. नळीही सडलीय. नवा बसवावाच लागेल. पोलीस स्टेशन नक्की ना?"

"छे हो! कशाला उगाच डोकेदुखी?" डॉक्टर उठले. "मिजासखोर चालेल. अहो, चांगला ऐकू येतो मला." हे शेवटचं वाक्य त्यांनी गरज नसताना दोनदा म्हटलं. मग हाताला लागलेलं काळं धुवायला ते गॅरेजच्या पार दुसऱ्या टोकाच्या नळावर गेले.

मध्ये हवा भरायचा पंप धडधडत होता. डॉक्टर पाठमोरे उभे राहून साबण चोळत होते. इकडे बायको मिस्त्रीशेजारी सरकली आणि ग्रंथालयात बोलते त्या आवाजात, ओठ हलले न हललेसे करत म्हणाली,

"सज्जनच बसवा. विचारलं तर मिजासखोर आहे म्हणून सांगा."

"ऐकलं हं मी!" नळावरून आवाज आला.

मिस्त्री खदखदून हसला. "आता काय करता वहिनी, पकडल्या गेलात!"

डॉक्टर ओले हात झटकत ऐटीत वळले. बायको मिस्त्रीकडे बघतच नव्हती. बोलतानाही ती बघत नसावी. ती त्यांच्याकडे बघत होती, पर्सचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरून. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि मुठी सैल झाल्या.

"सज्जनच बसवा," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले. "तेवढा पुरे आहे आम्हाला."